रजिस्ट्रेशन फॉर्ममध्ये पासवर्ड एमडी५ करून ठेवला तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की टीवायच्या प्रोजेक्टसाठी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये रजिस्ट्रेशन फॉर्म केलाय, पासवर्ड एमडी५ करून (म्हणजे त्याचा हॅश, ठरावीक लांबीची अक्षरांची खिचडी, काढून) टेबलात टाकताय कारण व्हिडिओत तसंच दाखवलंय, आणि सरांनी 'सिक्युअर नाही' एवढंच लिहून फाइल परत केली. सर बरोबर आहेत, फक्त का ते दोन ओळीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एक करून बघा. टेबलात ज्यांचा ज्यांचा पासवर्ड १२३४५६ आहे (असणारच, मित्रांनाच टेस्टिंगला बसवलं असेल ना) त्या सगळ्यांच्या ओळीत सेम टू सेम अक्षरं दिसतील, ई१०एडीसी३९४९ पासून सुरू होणारी. ती कॉपी करून गुगलला टाका, मूळ पासवर्ड लगेच समोर येतो. आता लोक म्हणतात एमडी५ उलटं फिरवता येत नाही, ते खरंय, पण फिरवायचंय कुणाला, नेहमीच्या पासवर्डांचे एमडी५ लोकांनी आधीच काढून याद्या करून ठेवल्यात, नुसतं जुळवायचं. यादीत नसेल तरी काही बिघडत नाही कारण एमडी५ मुळात फास्ट चालावं म्हणूनच बनवलंय, १९९१ सालचं आहे, आणि आजचं गेमिंगवालं आरटीएक्स ४०९० कार्ड सेकंदाला दीडशे अब्जांच्या वर एमडी५ काढतं. आठ अक्षरी पासवर्ड त्याच्यापुढे किती टिकणार सांगा. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड फुटले तेव्हा तिथे एमडी५ नाही, एसएचए१ (हॅशची दुसरी पद्धत) होतं, पण सॉल्ट नव्हतं, त्यामुळे तेही भराभर उघडले गेले.

सॉल्ट म्हणजे प्रत्येक युजरच्या पासवर्डात मिसळलेला वेगळा रँडम तुकडा. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी टेबलात दोन वेगळे हॅश दिसतात आणि आधी करून ठेवलेल्या याद्या कचऱ्यात जातात. पण सॉल्ट स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की या कामात जितकं डोकं कमी चालवाल तितकं चांगलं. पीएचपीत ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, पासवर्ड_हॅश नावाचं फंक्शन आहे, त्याला पासवर्ड द्या आणि दुसऱ्या जागी पासवर्ड_डिफॉल्ट लिहा, संपलं. आत बीक्रिप्ट (पासवर्डसाठीच बनवलेली हॅशची पद्धत) चालतं, सॉल्ट तेच बनवतं आणि त्याच हॅशच्या आत लिहूनही ठेवतं, वेगळा कॉलम लागत नाही. बीक्रिप्ट मुद्दाम स्लो आहे, कॉस्ट (किती मेहनत घ्यायची तो आकडा) एकने वाढवली की वेळ दुप्पट. आधी डिफॉल्ट १० होती, पीएचपी ८.४ मध्ये १२ केली, आणि १२ ला तेच अब्जावधीवालं कार्ड सेकंदाला जेमतेम हजार-दोन हजार हॅशवर येतं. तुमच्या युजरला लॉगिनला पाव सेकंद जास्त लागेल, त्याला कळणारही नाही.

इथे माझा एक गाढवपणा सांगतो. पहिल्यांदा मी हे एका ओळखीच्या क्लासच्या साइटवर बसवलं, कोड बरोबर, रजिस्ट्रेशन होतंय, मेल जातोय, लॉगिन मात्र एकाचंही होईना. अख्खी रात्र व्हेरिफायचा (पासवर्ड जुळवायचा) कोड उलटसुलट करत बसलो. सकाळी चहा पिताना टेबल उघडलं तर पासवर्डचा कॉलम व्हारकॅर ५०, म्हणजे जास्तीत जास्त ५० अक्षरांचा, आणि बीक्रिप्टचा हॅश असतो ६० अक्षरांचा. होस्टिंगवर स्ट्रिक्ट मोड बंद होता म्हणून डेटाबेसने शेवटची दहा अक्षरं गुपचूप कापून ठेवली होती, एररही नाही. तेव्हा कॉलम सरळ २५५ चा ठेवा, उद्या डिफॉल्ट अल्गोरिदम बदलला तरी पुरेल.

लॉगिनच्या वेळी पुन्हा हॅश काढून बरोबरची दोन चिन्हं टाकून तुलना करू नका, दर वेळी सॉल्ट वेगळं असतं त्यामुळे कधीच जुळणार नाही. त्यासाठी पासवर्ड_व्हेरिफाय आहे. जुळलं की सेशन आयडी (लॉगिन झालेल्या युजरची ओळखखूण) रीजनरेट करा, म्हणजे नवा काढा, हे बहुतेक जण विसरतात.

आता जी गोष्ट इंग्रजी ट्युटोरियलवाला सांगत नाही ती. आपल्याकडे कुणीतरी देवनागरीत पासवर्ड टाकणार, आणि टाकू द्यावा. पण बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजायचे. 'महाराष्ट्र' हा एक शब्दच ३० बाइट. म्हणजे २४ चिन्हांच्या पुढे काय टाइप केलं याला किंमतच नाही. त्यामुळे बाइट मोजून ७२ च्या वर गेलं तर युजरला तसं स्पष्ट सांगा. दुसरं म्हणजे 'दऱ्या' मधला ऱ. एखाद्या कीबोर्डवर तो एकच चिन्ह म्हणून येतो, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता (टिंब) असा, स्क्रीनवर दोन्ही सारखे पण बाइट वेगळे, म्हणजे हॅश वेगळा, म्हणजे मोबाईलवर रजिस्टर केलेला माणूस कॉम्प्युटरवर लॉगिन करू शकत नाही आणि शिव्या तुम्हाला. हॅशच्या आधी पीएचपीचा नॉर्मलायझर (अशी दोन रूपं एकसारखी करणारा) चालवा, रजिस्ट्रेशनला आणि लॉगिनला दोन्हीकडे, मग हा घोळ होत नाही.

नावाच्या फील्डचंही तेच. ए ते झेडवाला रेजेक्स (कोणती अक्षरं चालतील ते तपासायचा नमुना) मराठी नाव घेतच नाही, आणि हुशारी करून नुसता युनिकोड 'लेटर' वर्ग लावला तर 'शिंदे' अडकतो, कारण वेलांटी, अनुस्वार, मात्रा हे लेटर नाहीत, 'मार्क' वर्गात येतात. मी तर नावावर रेजेक्स लावतच नाही, लांबी बघतो आणि दाखवताना एस्केप करतो, म्हणजे एचटीएमएलची चिन्हं निरुपद्रवी करतो.

बाकीचं पटकन. क्वेरीत व्हेरिएबल चिकटवू नका, पीडीओचं (पीएचपीचं डेटाबेसशी बोलायचं साधन) प्रिपेअर वापरा. ईमेलवर युनिक इंडेक्स लावा, नुसतं आधी सिलेक्ट करून 'आहे का' बघणं पुरत नाही, दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दोन ओळी पडतात. सीएसआरएफ टोकन टाका, म्हणजे दुसऱ्या साइटवरून कुणी युजरच्या नावाने फॉर्म पाठवू शकणार नाही. साइट एचटीटीपीएसवर हवी, नाहीतर वरचं सगळं करून पासवर्ड वाटेत उघडाच जाणार. आणि एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह हा छळ नको, लोक शेवटी १ आणि ॲट लावून मोकळे होतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही ती सक्ती सोडून द्या म्हटलंय, त्यापेक्षा किमान लांबी ठेवा आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का ते बघा.

व्हायव्हात सर बहुतेक विचारतील की युजर पासवर्ड विसरला तर त्याला मेल करणार का. उत्तर: करूच शकत नाही, तो आपल्याकडे नाहीच. रँडम_बाइट्सने ३२ बाइटचं टोकन काढायचं, लिंकमध्ये ते पाठवायचं, टेबलात मात्र त्याचा हॅश ठेवायचा, तासाभरात एक्स्पायर, एकदा वापरलं की डिलीट. इथे साधा, फास्ट एसएचए२५६ हॅश चालतो, टोकन आपणच रँडम काढलंय, ते कुणाला अंदाजाने ओळखता येत नाही.