दिसणारे तारे मेलेले नसतात

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो आणि आपण बघतो ते तारे मेलेले असतात हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. दुसरा भाग वाचला आणि लिहायलाच बसलो.

माझी मुलगी साडेआठ वर्षांची असताना तिला गच्चीवर नेऊन व्याध दाखवला, म्हटलं हा ८.६ प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आत्ता तुझ्या डोळ्यात शिरतोय तो प्रकाश तुझ्या जन्माच्या सुमारास तिकडून निघालाय. पोरगी इतकी हरखली की "माझा तारा" म्हणत सगळ्यांना दाखवत सुटली. आणि आमचा दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "अगं तो कधीच मेलाय, वर दिसतात ते सगळे मेलेलेच." पोर रडत खाली गेली. मी मोठ्या भावापुढे गप्प बसलो, ते अजून टोचतं.

दादा साफ चूक होता. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळपास सगळे तारे फार तर काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले, आणि सूर्यासारखा तारा जगतो साधारण १००० कोटी वर्षं, अगदी राक्षसी तारा झाला तरी तीसेक लाख वर्षं काढतोच. मग प्रकाश वाटेत असताना तो मरणार कसा? मृगातला तांबडा काक्षी म्हातारा झालाय, पण त्याचा स्फोट व्हायलाही अजून लाखभर वर्षं लागू शकतात, आणि प्रकाश पोचतो ५००-७०० वर्षांत.

"अंतर मोजायला टेप घेऊन कोण गेलं होतं" हेही दादाचंच. अरे, १८३८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं हंस तारकासमूहातला एक तारा सहा महिन्यांच्या अंतरानं मागच्या ताऱ्यांपुढे किती सरकतो ते मोजलं, उत्तर आलं दहाएक प्रकाशवर्षं, आज ११.४ धरतात. बोट समोर धरून एकेक डोळा मिटून बघा, बोट सरकल्यासारखं दिसतं, तेच; दोन डोळ्यांच्या जागी सहा महिन्यांच्या अंतरानं पृथ्वीच्या दोन जागा.

बाकी आकडे: सूर्य ८ मिनिटं २० सेकंद, अभिजित २५ वर्षं, स्वाती ३७, रोहिणी ६५. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, २५ लाख वर्षं, तिच्यातले काही तारे मात्र खरंच संपले असणार, तेवढं दादाचं मान्य. आणि हा सगळा वेळ ताऱ्याच्या पृष्ठभागापासूनचा, गाभ्यातून बाहेर यायला हजारो वर्षं जातात ती वेगळी.

मुलगी आता १२ वर्षांची आहे. व्याधाचा आजचा प्रकाश ती साडेतीन वर्षांची असताना निघालेला, हे परवा तिला सांगितलं, दादा शेजारीच उभा होता.