हृदयरोगतज्ज्ञ निवडताना

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेही. चढण चढताना छाती आवळते, थांबले की बरे वाटते. अधूनमधून धडधडही होते. ईसीजी नॉर्मल आला. फोंड्यात पाट्या पाहिल्या, कुठे एमडी, कुठे डीएम, कुठे एफएसीसी. कोणाकडे न्यावे? (वाचक, वाळपई)

उत्तर : पाटीवर डीएम किंवा डीआरएनबी (कार्डिओलॉजी) बघा, काही वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्यांच्या नावापुढे डीएनबी (कार्डिओलॉजी) असते. इंटर्नशिपसह एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी मेडिसिन तीन आणि त्यावर हृदयरोगाची आणखी तीन, असे हे शिक्षण. नुसते एमडी मेडिसिन असलेले डॉक्टर रक्तदाब, मधुमेह उत्तम सांभाळतात. अँजिओग्राफी, म्हणजे डाय (रंगद्रव्य) सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढणे, हे त्यांचे काम नव्हे. एमसीएच (सीव्हीटीएस) म्हणजे बायपास करणारे सर्जन. एफएसीसी हे अमेरिकेतल्या संस्थेचे मानाचे सदस्यत्व आहे. मूळ पदवी नसेल तर अशा अक्षरांवर जाऊ नका.

आता वडिलांविषयी. ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, ही कळकळीची विनंती. तो आडवे पडून, विश्रांतीत काढतात; रक्तवाहिनी अरुंद असली तरी त्या वेळी हृदयाला रक्त पुरते, आणि आलेख नॉर्मल दिसतो. चढणीवर मागणी वाढली की छाती आवळते. त्यामुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गरज वाटल्यास ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) लागेल. अँजिओग्राफी ठरलीच, तर ती रोज करणारे, म्हणजे इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट गाठा. त्यांना सरळ विचारा : कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) रात्रीही चालू असते का? गुंतागुंत झाली तर बायपासचे सर्जन त्याच इस्पितळात आहेत का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, कारण अँजिओग्राफीचा डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

धडधडीसाठी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र, लावतात. ठोक्यांचा दोष निघाला तर इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट लागतो. ती डीएमनंतरची वेगळी शाखा आहे.

मात्र बसल्या जागी छाती दुखून घाम सुटला, तर पाट्या शोधत फिरू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह्यांत दुखणे सौम्य असू शकते, कधी नुसता दम लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या १२ तासांत देतात, पण प्रत्येक तासागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो.

प्रश्न : गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तपासणारे तरुण डॉक्टर शिकाऊ असतात का? (वाचक, डिचोली)

उत्तर : डीएम करणारा डॉक्टर आधीच एमडी झालेला असतो. त्याला सगळा इतिहास नीट सांगा, जुने ईसीजी दाखवा; कन्सल्टंट पुढचा निर्णय त्याच कागदांवरून घेतात.