मावशीचा ओटा : भोंगा वाजत नाही, तर भोंग्या येणार कसा?

मावशी, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि विक्रमाच्या पाठीवर बसणारा वेताळ एकच का? माझ्यात आणि दादात यावरून दोन दिवस अबोला आहे.
— इयत्ता सातवी, लष्कर, ग्वाल्हेर

एक नाहीत. इंद्रजालचा वेताळ म्हणजे ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला 'फँटम'. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झालं आणि तो आपल्या घरांत वेताळ होऊन आला. तो भूत नाही, हाडामांसाचा माणूस आहे. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं की हा मरतच नाही. आपण वाचतो तो त्या घराण्यातला एकविसावा. आपला वेताळ मात्र भुतांचा राजा. कोकणात आणि गोव्यात त्याची देवळं आहेत. आमची आजी दिवेलागणीला 'आता वेताळ वाचू नका' म्हणायची तेव्हा तिच्या मनात तो दुसरा असायचा. आता अबोला सोडा.

मावशी, मी इंदूरलाच चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे आजोबा मिलमध्ये होते. हजेरीच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी एक चित्रकथा काढली होती. तिचा नायक भोंग्या, म्हणजे रात्रपाळीत अपघातात गेलेला एक जॉबर, कामगारांवरचा मुकादम. मिलचा भोंगा वाजला की कापसाच्या तुसातून त्याचा आकार उभा राहतो आणि पुढचा भोंगा होईपर्यंत तो अडल्यानडल्याच्या मदतीला धावतो. आजोबा गेले, रजिस्टर माळ्यावर गेलं. आता आम्ही तिघं भावंडं आपापले नायक घेऊन एकच कॉमिक काढतो आहोत. माझी सावल्यांतून चालत जाणारी मुलगी, दादाचा आगीवर हुकूम चालवणारा अंगार आणि धाकट्याचा रात्री घुबड होणारा मुलगा. त्यात भोंग्याला आणायचं आहे, पण आणला की तो लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा राहतो. दादा म्हणतो, आता भोंगा कुणाला माहीत आहे, मोबाईलच्या अलार्मवर आण आणि नवा पोशाख दे. काय करू?
— म. जो., सुदामानगर, इंदूर

मुली, अलार्म नको. पोशाखही नको. दादावर रागावू नकोस, त्याची अडचण खरी आहे. पण तो ज्याला अडचण म्हणतो, तीच तुमची गोष्ट आहे.

तुला ब्लेड नावाच्या कॉमिकमधल्या नायकाची हकीकत सांगते, तिथून हे नीट कळेल. अमेरिकेत 1954 साली कॉमिक्ससाठी एक नियमावली झाली. तिच्यात व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिणारी पिशाच्चं, चालती प्रेतं, लांडगामानव या सगळ्यांना बंदी होती. 1971 मध्ये ती सैल झाली आणि पुढच्या दोन वर्षांत मार्व्हल या प्रकाशकाच्या पानांवर भुतंखेतं नुसती उतू गेली. ड्रॅक्युलाच्या मालिकेच्या दहाव्या अंकात, जुलै 1973 मध्ये, लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जीन कोलन यांनी ब्लेडला आणलं. छातीवरच्या पट्ट्यात लाकडी सुरे आणि डोळ्यांवर गॉगल. त्याच्या आईला बाळंतपणातच व्हॅम्पायर चावला, म्हणून त्यांचा दंश याला बाधत नाही. एवढंच बळ. बाकी सगळा राग.

ती मालिका 1979 साली संपली. मग 1983 मध्ये मार्व्हलच्याच डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराच्या एका अंकात 'माँटेसी फॉर्म्युला' नावाचा मंत्र म्हटला गेला आणि पृथ्वीवरचे सगळे व्हॅम्पायर एकदम नाहीसे झाले. आता बघ, ज्याचं सगळं आयुष्य व्हॅम्पायर मारण्यात गेलं, त्याच्या जगात व्हॅम्पायरच उरला नाही. ब्लेडला कुणी मारलं नाही. त्याचं काम संपलं आणि लोक त्याला विसरले.

1990 च्या आसपास व्हॅम्पायर परत आले. आणि 1992 मध्ये मार्व्हलनं 'राइज ऑफ द मिडनाइट सन्स' ही सहा अंकांची एकत्र कथा काढली. लिलिथ ही राक्षसांची आई जागी होते आणि घोस्ट रायडर या मार्व्हलच्या नायकाला नऊ जण गोळा करावे लागतात. सहांतले चार अंक नव्या मालिकांचे पहिले अंक होते. म्हणजे प्रकाशकाला मालिका विकायच्याच होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या नऊ जणांत ब्लेडला ज्यांच्या शेजारी उभं केलं ते बघ. फ्रँक ड्रेक, खुद्द ड्रॅक्युलाचा वंशज. हॅनिबल किंग, स्वतःच व्हॅम्पायर. व्हॅम्पायर दिसला की सुरा काढणारा माणूस आता एका व्हॅम्पायरच्या बरोबर एका टेबलाशी बसतो. आणि नवांपैकी एक व्हिक्टोरिया माँटेसी. ज्या घराण्याच्या नावाच्या मंत्रानं ब्लेडचं काम हिरावून घेतलं, त्याच घराण्यातली बाई! कुणीतरी जुने अंक जीव लावून वाचले होते, म्हणूनच हे जुळलं. पुढं सहा वर्षांनी, 1998 मध्ये, वेस्ली स्नाइप्सचा सिनेमा आला आणि ज्यांनी कधी कॉमिक हातात धरलं नव्हतं त्यांनाही ब्लेड माहीत झाला.

तुझ्या भोंग्याचं तेच झालंय. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, बाकीच्या मिलीही आगेमागे थंडावल्या. भोंगे वाजायचे थांबले. मग भोंग्या येणार कसा? तुझ्या आजोबांचा नायक माळ्यावर गेला म्हणून विसरला गेला नाही. शहरानं त्याला बोलवायचं साधनच बंद केलं. तुला मंत्र शोधत बसायला नको, आपल्या इंदूरनं तो आधीच लिहून ठेवलाय. अलार्मवर आणलास तर हे सगळं वाया जाईल. अलार्म एकट्याला उठवतो, भोंगा सगळ्या वस्तीला उठवायचा. आमच्या घरी घड्याळ होतं, तरी आई कुकर भोंग्यावर लावायची.

म्हणून माझं म्हणणं असं की अर्धं कॉमिक होईपर्यंत भोंग्या दिसूच नये. त्याच्याविषयी कुणीतरी बोलावं. पडक्या भिंतीवर कुणी कोळशानं त्याचं चित्र काढलेलं असावं. तिघांचे नायक आधी आपापल्या परीनं लढू देत आणि हरू देत. शत्रू असा घ्या की सावलीतून त्याला गाठता येत नाही, आगीनं तो जळत नाही आणि घुबडाला तो दिसत नाही. काय असेल, ते तुम्ही ठरवा. पण मी रात्रपाळीशी नातं असलेलं काहीतरी घेतलं असतं, कारण तिथं भोंग्याशिवाय कुणाचंच चालणार नाही. मग तिघांना कळतं की त्याला बोलवायला हवं, आणि बोलवायला भोंगा हवा. तो मिळवणं ही त्या तिघांची लढाई. पाहुणा कोपऱ्यात उभा राहतो, कारण त्याच्यावाचून कुणाचं अडलेलं नसतं. आधी अडू दे.

रात्र कोणती, ते मात्र मी हट्टानं सुचवते. अनंत चतुर्दशी. मिली बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी त्या रात्री मिलींच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, लोक पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहतात. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून बघितल्या, आता भाच्याच्या मुलींना घेऊन जाते. ज्या मिलमध्ये चाक फिरत नाही तिची झांकी दिव्यांनी उजळून समोरून जाते, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघ. एकच भोंगा वाजायचा असेल तर तो त्या गर्दीत वाजू दे. तुला ते पान काढायचं आहे, मुली, मला तुझा हेवा वाटतो!

आणखी एक, त्याचं बळ वाढवू नका. डीसी कॉमिक्सचा डेडमन आठव. ऑक्टोबर 1967 चा अंक, सर्कशीतला झोपाळ्यावरचा कसरतपटू बोस्टन ब्रँड खेळ चालू असताना गोळी लागून मरतो. रामा कुष्णा नावाची देवता त्याला परत पाठवते. हो, नाव असंच आहे, आपल्याकडच्या दोन देवांचा आवाज त्यात ऐकू येतो. त्याला मिळतं काय, तर दुसऱ्याच्या देहात शिरता येतं. आपण ज्याला परकायाप्रवेश म्हणतो तेच. ना आग, ना वीज. आपला खुनी शोधायचा, त्याची खूण म्हणजे हाताच्या जागी आकडा. त्याची स्वतःची मालिका फार काळ टिकली नाही, पण तो इतरांच्या अंकांत येत राहिला. 2011 साली डीसीनं जादू आणि भुतांच्या नायकांची जस्टिस लीग डार्क ही टोळी बांधली तेव्हा झटाना आणि कॉन्स्टंटाइन या जादूगारांच्या बरोबरीनं त्यालाही घेतलं. इतकी वर्षं तो तगला तो त्या एका मर्यादेमुळे. भोंग्याजवळ दोन भोंग्यांमधला वेळ आहे, तेवढाच ठेवा. पुढचा भोंगा वाजणारच नसेल, तर तो जाणार कसा, हा प्रश्न तुमच्या शेवटच्या चार पानांना पुरेल.

आमच्या रामबागेतल्या ओट्यावर मी आणि माझा दादा सुट्टीत कॉमिक्स भाड्यानं द्यायचो. दोरीवर लटकवलेले अंक आणि एका वहीत नोंदी. घरात मराठी, पण ओट्यावर हिंदीच, 'दीदी, नागराज का नया आया क्या?' हिंदी कॉमिक्सचा नायक नागराज 1986 साली आला आणि त्याला पहिल्यांदा रेखाटणारे प्रताप मुळीक पुण्याचे, हे कळल्यावर आम्हा दोघांची छाती फुगली होती. त्या वहीत काही नायकांच्या नावापुढे पानभर नोंदी आणि काहींच्या दोन ओळी. पण दोन नायकांची एकत्र कथा आली की दुसऱ्या दिवशी मुलं कमी खपणाऱ्याचे जुने अंक मागायला यायची. 'वो दूसरावाला कौन था?' हा प्रश्न मी त्या ओट्यावर इतक्यांदा ऐकलाय. तुमचं कॉमिक वाचून कुणीतरी आजोबांचं रजिस्टर मागितलं पाहिजे.

त्यासाठी आजोबांची रेघ पुसू नकोस. तुम्ही तिघं संगणकावर काढत असाल, खुशाल काढा, पण भोंग्या त्यांच्याच टाकाच्या रेघेत येऊ दे, मागे हजेरीच्या तांबड्या ओळी दिसतील तशाच. तो तुमच्या चकचकीत पानात जुन्या कागदासकट शिरला की वाचणाऱ्याला शब्दावाचून कळेल की हा दुसऱ्या काळातला आहे. आजी आहेत का? असतील तर त्यांच्याजवळ बस आणि विचार की किती वाजता भोंगा व्हायचा, तेव्हा त्या काय करत असायच्या, आजोबा रात्रपाळीहून आले की कपड्यांना वास कसला यायचा. हुकुमचंदच्या कामगारांना त्यांची थकलेली देणी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. ज्या घरांनी तितकी वाट पाहिली, त्या घरांतला एखादा माणूसही कॉमिकमध्ये हवा. अंक तयार झाला की पहिली प्रत आजींना, दुसरी मला.

माझा नऊ वर्षांचा मुलगा कबरीतून उठणाऱ्या एंथनीचे जुने हिंदी कॉमिक्स वाचतो. रात्री दिवा लावून झोपतो, पण पुस्तक सोडत नाही. बंद करावं का?
— एक वडील, देवास

बंद करू नका. राज कॉमिक्सचा एंथनी मेलेला आहे, पण तो उठतो ते कुणावर अन्याय झाला म्हणून. बरोबर प्रिन्स नावाचा कावळा असतो. मुलाला मेलेल्याची भीती वाटते आणि त्याच मेलेल्याचा आधारही वाटतो, म्हणून तो पुस्तक सोडत नाही. अमेरिकेतल्या त्या नियमावलीनं 1971 नंतरही झाँबींना, म्हणजे चालत्या प्रेतांना, मज्जाव ठेवला होता, तर मार्व्हलनं त्यांना 'झुवेंबी' म्हणून आत घेतलं! बंदीनं वाचणं थांबत नाही. तुम्ही शेजारी बसा आणि एक अंक मोठ्यानं वाचा, कावळ्याचा आवाज तुम्ही काढा. दिवा काही दिवस राहू द्या. महिनाभरानंही तो झोपेतून दचकून उठत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला.

खजुरी बाजारातून घेतलेल्या जुन्या अंकांची पानं सुटली आहेत. चिकटपट्टी लावू का?
— र. दे., रामबाग, इंदूर

मुळीच लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना शाई घेऊन येते. गंजलेल्या पिना हलक्या हातानं काढा, मधल्या घडीत पांढरा सुती दोरा घालून दोन टाके मारा. फाटलं असेल तिथं पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ. लॅमिनेशन करू नका. पेटीत आडवे ठेवा, पावसाळा संपला की सावलीत एकदा वारा द्या, उन्हात नको. आणि म. जो., हे रजिस्टरसाठी तूही वाच.