आईची उजवी पापणी संध्याकाळी खाली उतरते, सकाळी ठीक असते. वयामुळे असेल का?

वयामुळे पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पडदा सैल होतो, पण तशी पापणी सकाळीही खालीच असते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड, म्हणजे आधी मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराची शंका घ्यायची. त्यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, वापर वाढेल तसा स्नायू थकतो.

निपाणीत विड्या वळणारी माझी मावशी दुपारनंतर हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून पान कापायची. घरचे म्हणायचे, झोप कमी पडते. डॉक्टरांनी मिटल्या डोळ्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं धरला, आणि पापणी आमच्या देखत वर आली! (या आजारात गारव्यानं पापणी थोडा वेळ उचलली जाते.) मग रक्तात या आजाराच्या अँटिबॉडी (शरीराच्याच स्नायूंवर उलटणारी प्रथिनं) आहेत का ते तपासलं, छातीचा सीटी स्कॅन झाला (या आजारात छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ असू शकते). नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला मदत करणाऱ्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्यांनी ती पुन्हा सरळ बघायला लागली.

आईंना बेळगावला न्यूरॉलॉजिस्टकडे (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे) न्या, पापणी आधी कशी होती ते दाखवायला सोबत जुने फोटो ठेवा. कुठलंही अँटिबायोटिक घेण्याआधी डॉक्टरांना या शंकेबद्दल सांगा, काहींनी हा आजार बळावतो. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थांबू नका. पापणी अचानक पडली, एकाची दोन दिसू लागली, डोकं ठणकतंय किंवा बाहुली मोठी झालीय, तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते.

पापणी उचलायच्या ऑपरेशनचा विचार निदान झाल्यावरच.