संकलकाला विचारा : ‘मोन्दो काने’ खरा की खोटा?

प्रश्न : ‘मोन्दो काने’ (१९६२) हा इटालियन माहितीपट नुकताच पाहिला. सुरुवातीलाच पाटी येते की यातली सगळी दृश्यं खरी आहेत. तरी पाहताना कुणीतरी आपल्याला बनवतंय, असं सारखं वाटत होतं. मग यातलं खरं किती?

उत्तर : शंका रास्त आहे. फक्त तुम्ही शॉट तपासताय, मी सांधे, म्हणजे दोन शॉट जिथे जोडले जातात त्या जागा, तपासायला सांगेन. सगळी कारकीर्द संकलनाच्या टेबलावर गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

हा सिनेमा याकोपेत्ती, काव्हारा आणि प्रोस्पेरी या तिघा दिग्दर्शकांचा. याकोपेत्ती मूळचा पत्रकार आणि खवचट निवेदन लिहिण्यात तरबेज. कॅलिफोर्नियात, पॅसाडिनाच्या पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीत मालक कुत्र्यांच्या थडग्यांपाशी शोक करताहेत. लगेच कट, आणि आपण तैवानमधल्या ताइपेत, जिथे तेव्हा कुत्रं खाल्लं जायचं. सुटं पाहिलं तर एकीकडे कुणाचं तरी दुःख आहे, दुसरीकडे कुणाचं तरी जेवण. शेजारी बसवल्यावर दोघंही वेडे ठरतात आणि शहाणे उरतो फक्त आपण, खुर्चीतले. प्रेक्षकाला खूश करायची ही पद्धत मला सिनेमातल्या कुठल्याही रक्तापेक्षा जास्त खटकते.

बिकिनी बेटावरचं कासव आठवत असेल. अंडी घालून ते समुद्राकडे न जाता उलट्या दिशेला निघतं. अणुचाचण्यांनी त्याचं दिशाभान गेलं, असं निवेदक सांगतो. आवाज बंद करून तोच भाग पुन्हा बघा. दिसतं ते एवढंच : वाळूत खुरडणारं एक कासव. कारण निवेदनातून आलं आणि हुंदका व्हायोलिनमधून.

चित्रकार इव्ह क्लाइनचंही असंच झालं. निळा रंग माखलेल्या मॉडेल्स कॅनव्हासवर दाबून उमटवायची त्याची रीत. सिनेमात तिची टिंगल झाली. मे १९६२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्यानं ती पाहिली आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला. पुढच्याच महिन्यात तो गेला, अवघ्या ३४व्या वर्षी. त्याचं खापर सिनेमावर फोडणं म्हणजे पुन्हा याकोपेत्तीचंच तर्कशास्त्र, तेव्हा ते नको.

प्रश्न : एवढ्या भडक सिनेमाचं नाव अभ्यासक अजून का घेतात? नंतरच्या सिनेमांनी यातून घेतलं तरी काय?

उत्तर : नक्कल करणाऱ्यांनी आधी नाव उचललं. ‘मोन्दो’ लावलेल्या सिनेमांची रांगच लागली. नंतर धक्क्याची मात्रा वाढत गेली. ‘मोन्दो काने’च्याच दुसऱ्या भागात (१९६३) व्हिएतनाममधल्या भिक्षूचं आत्मदहन आहे, ते तर चक्क बनवलेलं. याकोपेत्तीच्याच ‘आफ्रिका आदिओ’ या माहितीपटाच्या (१९६६) वेळी, कॅमेऱ्याच्या सोयीनं माणसं मारली गेली, असा आरोप त्याच्यावर झाला. चौकशीअंती तो निर्दोष सुटला. अमेरिकेत १९७८ साली ‘फेसेस ऑफ डेथ’ आला. त्यात खरे मृत्यू आणि नकली मृत्यू सरमिसळ जोडलेले.

माझ्या मते खरा वारसा संगीताचा. रित्झ ओर्तोलानी आणि निनो ओलिव्हिएरो यांची ‘मोन्दो काने’मधली चाल इतकी गोड होती की ‘मोर’ हे तिचं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलं. किळसवाण्या चित्राखाली अंगाईसारखी चाल ठेवायची, ही युक्ती मला संकलक म्हणून मान्य करावीच लागते, कारण ती दर वेळी लागू पडते. दिग्दर्शक देओदातोच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ या भयपटाला (१९८०) संगीत याच ओर्तोलानीचं. त्यातले मृत्यू इतके खरे वाटले की तो सिनेमा मिलानमध्ये जप्त झाला आणि नट जिवंत आहेत हे देओदातोला सिद्ध करावं लागलं. प्राणी मात्र खरोखर मारले होते. त्याला माझ्याकडे माफी नाही. पण सापडलेल्या फिल्मच्या रिळांतून गोष्ट सांगायची त्याची तऱ्हा पुढे भयपटांनी मनसोक्त वापरली.

प्रश्न : या प्रकारातला एकच सिनेमा पाहायचा तर कोणता?

उत्तर : काव्हाराचा ‘लोक्यो सेल्व्हाज्जो’ (१९६७). हो, त्याच तिघांपैकी एक. यात कथा एका माहितीपट दिग्दर्शकाची आहे, जो सनसनाटी दृश्यासाठी काहीही करायला तयार असतो. हा काल्पनिक सिनेमा आहे, आणि तसं तो लपवतही नाही. आधी ‘मोन्दो काने’ पाहिलात हे बरं झालं. त्याच क्रमानं पाहायचे असतात.