इंदूरच्या रामबागेत आमचं जुनं घर आहे. शेजारी त्यांचं घर पाडून पायासाठी खोदताहेत आणि सामाईक भिंतीला तडे जाताहेत. काय करावं?

आजच शेजाऱ्याला लेखी पत्र देऊन भिंतीलगतचं खोदकाम थांबवायला सांगा, आणि पोच घ्या. मी इंदुरात साइटवर सुपरव्हिजन करतो. जुन्या वस्तीतल्या विटांच्या भिंतींचा पाया उथळ असतो. शेजारी त्याहून खोल आणि सलग चर खणला की खालची माती सरकते. म्हणून अशा जागी तुकड्या-तुकड्याने खणतात, एक तुकडा भरून झाला की मगच पुढचा. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आडवी लावून तिच्यावर तारीख घाला, फोटो काढा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. लगेच त्या खोलीतली माणसं हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नगर निगमात तक्रार करताना मंजूर नकाशाची विचारणा जरूर करा, निगमाच्या ३११ या तक्रार अ‍ॅपवरही नोंदवा. शेजारी ऐकतच नसेल तर वकिलामार्फत दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो.

मात्र भिंत खरंच सामाईक आहे का, ते आधी दोन्ही घरांच्या रजिस्ट्र्यांत (खरेदीखतांत) पाहा. ती पूर्ण त्यांच्या हद्दीत असेल तर तुमची बाजू कमजोर होते, पण संपत नाही: सुखाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे तुमच्या घराला त्या भिंतीचा टेकू २० वर्षं विनाअडथळा मिळाला असेल तर त्या टेकूवर हक्क सांगता येतो. नुसत्या प्लास्टरवरच्या केसाएवढ्या रेघांसाठी मात्र कोर्टात धावू नका.