हार्टवाला एक सांगतो, सर्जन दुसरंच: अवघड निर्णय डॉक्टर नेमका कसा घेतात?

तुम्ही विचारलंय की एकाच पेशंटबद्दल दोन स्पेशालिस्ट दोन टोकांचं सांगतात, मग हे लोक विचार करतात तरी कसा की सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चालतं. मी मेडिसिनवाला, म्हणजे सर्जन लोक ऑपरेशनआधी फिटनेससाठी ज्याच्याकडे पेशंट पाठवतात आणि त्याने शंका काढली की वैतागतात, तो. त्यामुळे ही भांडणं जवळून बघितलीत.

अंदाज असतो, नाकारत नाही. पण अवघड केसमध्ये आजार कोणता हे बऱ्याचदा कळलेलंच असतं, गाडी अडते ती पुढे. आपलं चुकलं तर कुठल्या बाजूने चुकलेलं पेशंटला कमी महागात पडेल, आणि चुकलंय कळल्यावर मागे फिरता येईल का, हे दोन प्रश्न डोक्यात फिरत असतात. गोळी उद्या बंद करता येते, काढलेली किडनी परत बसवता येत नाही.

१९८० साली पॉकर आणि कॅसिरर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी हे छान मांडलं होतं. आजाराची शक्यता एका रेषेच्या खाली असेल तर तपासणीसुद्धा करू नका, दुसऱ्या रेषेच्या वर असेल तर तपासणीची वाट न बघता उपचार सुरू करा, आणि मधे असेल तरच टेस्ट करा. आता या रेषा कुठे आखायच्या ते आजार नजरेतून सुटला तर काय होईल आणि उपचाराने किती नुकसान होईल यावर ठरतं, आणि म्हणूनच प्रत्येक ब्रँचची रेषा वेगळी असते. दोन आठवड्यांच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, बाळ दिसायला ठीक आहे, तरी बालरोगतज्ज्ञ रक्त, लघवी, पाठीच्या मणक्यातलं पाणी सगळं तपासायला पाठवतात आणि रिपोर्ट यायच्या आत अँटिबायोटिक चालू करतात. आईवडिलांना वाटतं हा अतिरेक आहे. पण एवढ्या लहान बाळात मेंदूज्वर सुरुवातीला काहीच न दाखवता असू शकतो, आणि सुटला तर संपलंच. तेवढाच ताप तिशीतल्या धडधाकट माणसाला असेल तर आम्ही म्हणतो दोन दिवस पॅरासिटामॉल घ्या आणि बघा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. समजा एका माणसाला दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसलाय, रक्त गोठू नये म्हणून दोन गोळ्या चालू आहेत, आणि आता मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. कार्डिओलॉजिस्ट म्हणणार गोळ्यांना हात लावायचा नाही, अशा स्टेंटनंतर शक्यतो वर्षभर दोन्ही चालवतात, लवकर थांबवल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली तर माणूस टेबलावरच जाईल. सर्जन म्हणणार दोन्ही गोळ्यांवर कापलं तर रक्त थांबणार नाही. भूलतज्ज्ञ म्हणणार या गोळ्या चालू असताना मणक्यात सुई घालणार नाही. कॅन्सरवाले म्हणणार वर्षभर कोण थांबतंय. यात कोणीच चुकीचं बोलत नाहीये! प्रत्येकजण आपल्या दारात येणारं नुकसान मोजतोय, कारण स्टेंट बंद पडलेला पेशंट कार्डिओलॉजिस्टकडे येतो आणि रक्तस्राव झालेला सर्जनच्या वाट्याला. हर्निया असता तर सरळ पुढे ढकललं असतं, वाद मिटला. कॅन्सरमध्ये मात्र सगळ्यांना एकत्र बसवून विचारावं लागतं की किती आठवडे थांबलं तर चालेल (स्टेंटनंतरचा पहिला महिना सगळ्यात धोक्याचा, पुढे धोका उतरत जातो), दोन्हीपैकी एक गोळी पाच-सात दिवस थांबवून दुसरी, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, चालू ठेवता येईल का, गाठ अगदी खालच्या भागात असेल तर आधी रेडिएशन-केमो देऊन वेळ काढता येईल का. असा मधला रस्ता चौघे वेगवेगळ्या केबिनमध्ये बसून फोनवर बोलले की हमखास हातातून निसटतो, माझं हे ठाम मत आहे.

आकड्यांवर सगळं सोडावं तर तेही सोपं नाही. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन घ्या. १९९५ च्या ज्या ट्रायलवरून ते वापरात आलं त्यात इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन तब्येत ढासळली, न मिळालेल्यांत १ टक्क्याहून कमी. तरी तीन महिन्यांनी धडपणे स्वतःचं स्वतः करणारे लोक इंजेक्शनवाल्या गटात जास्त निघाले आणि मृत्यू वाढले नव्हते. आकडे स्पष्ट आहेत. पण रात्री इंजेक्शन देणाऱ्याला दिसणार तो आपल्या हाताने झालेला रक्तस्राव, न दिल्यामुळे अपंग झालेला माणूस "आजारच तसा होता" या खात्यात जमा होतो.

हा पक्षपात खरा आहे, मोजलाय लोकांनी. २००६ साली कॅनडातल्या डॉक्टरांवर एक अभ्यास आला होता. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या पेशंटना पक्षाघात टाळायला रक्त पातळ करणारं औषध देतात, तर ज्या डॉक्टरच्या पेशंटला त्या औषधावर मोठा रक्तस्राव झाला तो डॉक्टर नंतरच्या पेशंटना ते औषध कमी द्यायला लागला, आणि ज्याच्या पेशंटला औषध न दिल्यावर पक्षाघात झाला त्याच्या लिहिण्यात काही खास फरक पडला नाही. म्हणून आम्ही स्कोअर काढतो, वय इतकं, बीपी आहे, शुगर आहे, आधी झटका आलाय, एवढे मार्क. लोकांना ते यांत्रिक वाटतं, पण निदान मागच्या पेशंटची भीती पुढच्यावर निघत नाही.

आणि काही ठिकाणी डॉक्टरने एकट्याने ठरवूच नये. सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरचं बघा, ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलचे १५ वर्षांचे निकाल २०२३ ला आले, ऑपरेशन करा, रेडिएशन द्या की नुसतं लक्ष ठेवा, कॅन्सरने गेलेले तिन्हीकडे ३ टक्क्यांच्या आसपासच. लक्ष ठेवलेल्यांत तो पसरायचं प्रमाण जास्त होतं, ऑपरेशनवाल्यांत लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंधाचे त्रास जास्त. यातलं काय सहन होईल हे माझ्या डिग्रीत लिहिलेलं नाही, ते ज्याचं शरीर त्याने सांगायचं. फक्त सांगताना आमची भाषा सांभाळावी लागते, कारण १९८२ च्या एका अभ्यासात "१०० पैकी ९० वाचतात" आणि "१०० पैकी १० मरतात" असं सांगून बघितलं तर लोकांची निवड बदलली, आणि त्यात डॉक्टरसुद्धा होते.

तर तुम्हाला दोघांनी दोन वेगळं सांगितलं असेल तर कोण हुशार हे शोधत बसू नका. दोघांनाही तोच प्रश्न विचारा, "तुम्ही म्हणता तसं केलं नाही तर नेमकं काय होईल, १०० पैकी कितींना, आणि किती दिवसांत?" मग दोघांना एकमेकांशी निदान फोनवर तरी बोलायला लावा, तुमच्यासमोर बोलले तर उत्तमच. पेशंटला स्वतःला काय नकोय हेही दोघांच्या कानावर घाला, घाईत कोणी विचारतच नाही.